विश्लेषण : इन्सुलिन नव्हते, तेव्हा लोकमान्य टिळकांनी मधुमेह कसा सांभाळला?

लोकमान्य टिळकांचे नाव निघाले की केसरी, गणेशोत्सव आणि राजद्रोहाचा खटला आठवतो. त्यांच्या आयुष्याची शेवटची बरीच वर्षे मधुमेहासोबत गेली, हे १ ऑगस्टच्या पुण्यतिथीच्या भाषणांत क्वचितच येते. आज परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही लॅबमधून शुगरसोबत लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट मिळतो. आपण शुगरचा आकडा बघतो आणि कागदाची घडी घालतो. टिळकांना तर दुसरा आकडा बघण्याची सोयच नव्हती.

तालमीत घालवलेले वर्ष

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. लहानपणी प्रकृती तोळामासा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा व्यायामावर घालवले. अभ्यास मागे पडला, परीक्षेचे वर्ष गेले, पण शरीर कमावले. पुढे १८७७ मध्ये बीए, १८७९ मध्ये एलएलबी, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये केसरी व मराठा. १८८२ मध्ये आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८९७ मध्ये राजद्रोहाची पहिली शिक्षा. एवढे सगळे त्या एका वर्षाच्या भांडवलावर निभावले, असे म्हणायला जागा आहे.

छायाचित्रांत टिळक कुठेच स्थूल दिसत नाहीत. तरीही मधुमेह झाला.

मंडालेत काय घडले?

२२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. आधी साबरमती आणि मग ब्रह्मदेशातील मंडाले. लाकडी फळ्यांची खोली, अंगाची लाही करणारा उन्हाळा, सोबतीला स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी. त्यात मधुमेह.

औषध नव्हतेच. त्या काळी जगभरातले डॉक्टर एकच करू शकत होते : रुग्णाचे पिष्टमय खाणे कमी करायचे आणि लघवीतून साखर जाते का, हे तपासत राहायचे. टिळकांनीही तेच केले. भात आणि गहू बाजूला ठेवून ते सातूच्या, म्हणजे जवाच्या, पिठावर आले, जोडीला दूध-तूप. हा आहार त्यांनी गणिताच्या माणसाला शोभेल अशा शिस्तीने पाळला. याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात जेमतेम पाच महिन्यांत त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची बातमीही त्यांना याच खोलीत मिळाली.

जवच का?

चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णासाठी यव हे मुख्य अन्न सांगितले आहे. आजचे विज्ञान त्याचे कारण देते. जवात बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. आतड्यात त्याचा चिकट थर होतो, साखर रक्तात हळू उतरते. शिवाय तो पित्ताम्लांना बांधून बाहेर नेतो. नवीन पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते आणि एलडीएल थोडे उतरते. म्हणजे टिळकांचे जव साखरेबरोबर चरबीवरही काम करत असणार, पण ते मोजणारे कोणी नव्हते. सोबतच्या तुपाचा परिणाम काय झाला, तेही कोणी मोजले नाही.

लघवीची तपासणी म्हणजे गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाकडे बघण्यासारखे आहे. पाइपातून पाणी पडले की टाकी भरल्याचे कळते. पाऊण टाकी भरली असेल तर काहीच कळत नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. लघवी स्वच्छ आणि रक्तात साखर वाढलेली, असे सहज होऊ शकते.

हार्मोन आणि चरबीचा संबंध काय?

चरकांनी प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश असे वेगळे केले व उपचारही उलट सांगितले : एकाला उतरवायचे, दुसऱ्याला पोसायचे. आधुनिक वैद्यकाला हा फरक हार्मोनच्या भाषेत मांडायला विसावे शतक लागले. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवले की काही रुग्णांत इन्सुलिन कमी पडते, तर काहींचे शरीर इन्सुलिनला दादच देत नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन थेट मोजले. प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांत ते कमी नव्हतेच.

इन्सुलिनचे काम फक्त साखर पेशीत ढकलण्याचे नाही. चरबीच्या पेशींना ते चरबी धरून ठेवायला सांगते. पोटावर चरबी वाढली की या पेशी त्याचे ऐकेनाशा होतात. सुटलेली मेदाम्ले यकृताकडे जातात, यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते, चांगले समजले जाणारे एचडीएल घसरते. चरबीच्या पेशींतून येणारे ॲडिपोनेक्टिन हे इन्सुलिनला मदत करणारे हार्मोन लठ्ठपणात कमी होते. भूक आवरणारे लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला जुमानत नाही. म्हणूनच जाड मधुमेहींच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल पुरुषांत ४०, स्त्रियांत ५० च्या खाली, ही जोडी वारंवार दिसते. हृदयविकाराचा धोका इथे वाढतो, शुगर आटोक्यात असली तरी.

पण टिळक तर जाड नव्हते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१ टक्के. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २३ वर आणि कमरेची पुरुषांसाठी ९०, स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरवर धरतात. टिळकांची चरबी आपल्याला कधीच कळणार नाही. इन्सुलिनशिवाय ते इतकी वर्षे जगले, त्याअर्थी त्यांचा मधुमेह आज ज्याला टाइप २ म्हणतात तोच असावा.

आपल्याकडे जवाऐवजी ज्वारी चालेल?

परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती आणि लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती हे ज्वारीचे वाण दिले आहेत. मैदा किंवा पांढऱ्या भातापेक्षा भाकरी केव्हाही बरी. पण ज्वारीत जवाइतके बीटा-ग्लुकॅन नसते आणि भाकरीही शेवटी पिष्टच. तीन भाकऱ्या खाऊन ‘मी फक्त ज्वारी खातो’ म्हणण्यात अर्थ नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना टिळकांसारखा आहार डॉक्टरांना न विचारता सुरू केला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

सुटकेनंतर

जून १९१४ मध्ये टिळक पुण्यात परतले. विश्रांती त्यांनी घेतलीच नाही. १९१६ मध्ये होमरूल लीग, त्याच वर्षी लखनौ करार, मग चिरोलवरच्या खटल्यासाठी वर्षभर इंग्लंडमध्ये, तेही पथ्य सांभाळत साठी ओलांडल्यावर. जुलै १९२० मध्ये मुंबईत ताप आला, तो वाढत गेला आणि १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर सरदारगृहात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९२१ रोजी, टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क मधुमेही कुत्र्याला टोचला आणि त्याची साखर उतरली. टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीला दोन दिवस बाकी होते. माणसाला पहिले इंजेक्शन ११ जानेवारी १९२२ रोजी, लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला मिळाले.