हॅरॉल्ड इकिस
हॅरॉल्ड लकलेअर इकिस (१५ मार्च, १८७४ - ३ फेब्रुवारी, १९५२) हे अमेरिकन वकील व राजकारणी होते. १९३३ ते १९४६ या काळात ते अंतर्गत व्यवहार मंत्री होते. त्याआधी ते शिकागोत वकिली करीत.

महामंदीत रोजगार निर्माण व्हावा म्हणून १९३३ च्या कायद्याने सार्वजनिक बांधकामांसाठी ३.३ अब्ज डॉलर मंजूर झाले. हा कारभार इकिस यांच्याकडे आला. कंत्राटे ते बारकाईने तपासत; त्यामुळे कामे रेंगाळतात अशी टीका होई आणि ती अगदीच निराधार नव्हती. कंत्राटांत वर्णभेदास मनाई होती, परंतु भेदभाव सिद्ध करणे कठीण होते. म्हणून गृहप्रकल्पांत कुशल कामगारांच्या वेतनाचा ठरावीक हिस्सा कृष्णवर्णीयांना देण्याची अट घालण्यात आली. हिस्सा कमी भरल्यास तोच भेदभावाचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जाई.

न्यायालयांचा कौल मात्र एकसारखा नव्हता. घरबांधणीसाठी केंद्र सरकारला खाजगी जमीन सक्तीने संपादित करता येणार नाही, असा निर्णय लुईव्हिल येथील प्रकरणात अपील न्यायालयाने १९३५ मध्ये दिला. नगरपालिकांच्या वीजप्रकल्पांना मिळणाऱ्या कर्ज व अनुदानाविरुद्ध अलाबामा पॉवर कंपनीने केलेला दावा १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. कायदेशीर स्पर्धेमुळे झालेल्या तोट्यासाठी दाद मागता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याशी मतभेद झाल्याने इकिस यांनी १९४६ मध्ये राजीनामा दिला.