ना बॅटिंगचा विक्रम, ना बॉलिंगचा. एकनाथ सोलकर टीममध्ये टिकला तो कॅचेसच्या जोरावर

२७ कसोटी सामने, १०६८ रन, शतक फक्त एक. बॅटिंगची सरासरी साधारण २५. विकेट १८, त्याही प्रत्येकी जवळपास ५९ रन मोजून. एवढे आकडे बघितले तर हा खेळाडू कुणाच्या लक्षात राहायचं कारण नाही. पण याच स्कोअरकार्डच्या शेवटच्या रकान्यात एक आकडा आहे, ५३ कॅच.

एकनाथ धोंडू सोलकर यांचा जन्म १८ मार्च १९४८ चा, मुंबईचा. वडील हिंदू जिमखान्यावर ग्राउंड्समन होते. घर म्हणजे जिमखान्याच्या आवारातलीच एक खोली. मोठ्यांच्या मॅच सुरू असताना पोरगा स्कोअरबोर्डवरचे आकडे बदलायचा. तिथून तो भारताच्या शालेय संघाचा कॅप्टन झाला, मग मुंबईच्या रणजी टीममध्ये आला आणि १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला कसोटी खेळला.

आता हे ५३ कॅच नेमके किती भारी, ते बघू.

साधा हिशोब करा. एका कसोटीत समोरच्या टीमच्या जास्तीत जास्त २० विकेट पडतात. काही बोल्ड, काही एलबीडब्ल्यू, काही कीपरकडे. समजा त्यातल्या निम्म्या, म्हणजे १० विकेट कीपर सोडून बाकी दहा जणांच्या कॅचने पडल्या, तर एकाच्या वाट्याला सामन्यामागे एक कॅच येतो. सोलकर यांचा आकडा आहे १.९६, म्हणजे जवळपास दुप्पट.

मोठ्या नावांशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. राहुल द्रविडचे १६४ कसोटींत २१० कॅच, सरासरी १.२८. मार्क वॉ १.४१. ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्पसन १.७७. सोलकर यांचे कॅप्टन अजित वाडेकर स्वतः स्लिपचे चांगले फिल्डर, त्यांची सरासरी १.२४. किमान २० कसोटी खेळलेल्या, कीपर नसलेल्या खेळाडूंमध्ये सोलकर सगळ्यांच्या पुढे आहेत.

यात एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सोलकर उभे राहायचे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅट्समनपासून काही पावलांवर. बॉलिंगला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. साहजिकच कॅच तिथेच जास्त उडायचे. म्हणजे आकड्यात स्पिनर्सचाही वाटा आहे. पण कसोटीत हेल्मेट आलं १९७८ साली आणि सोलकर यांची शेवटची कसोटी १९७७ ची. नांदेड-लातूरच्या मैदानांवर टेनिस बॉलने खेळतानाही त्या जागी उभं राहायला पोरं कां-कूं करतात. इथे तर लेदरचा बॉल आणि डोकं उघडं.

१९७१ साली त्याचं मोल कळलं. पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजवरच्या पहिल्या कसोटी विजयात त्यांनी एकाच सामन्यात ६ कॅच घेतले. त्याच वर्षी ओव्हलवर पहिल्या डावात ९० रन करणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावात एका रनवर गेला. वेंकटराघवन यांच्या बॉलवर सोलकर यांनी पुढे झेपावून जमिनीलगत कॅच पकडला. इंग्लंड १०१ वर आटोपलं आणि भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली. पुढे १९७२-७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या घरच्या सिरीजमध्ये त्यांनी १२ कॅच घेतले.

२६ जून २००५ ला हार्ट अटॅकने मुंबईत ते गेले. वय होतं ५७.

बॅट्समनचे रन मोजले जातात, बॉलरच्या विकेट मोजल्या जातात. पण समोर सोलकर उभे आहेत म्हणून बॅट्समनने जो शॉट खेळायचाच टाळला, त्याचा रकाना कुठल्याच स्कोअरबोर्डवर नसतो.