कार्डांचे संग्राहक जेफर्सन बर्डिक

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठ्याचा तुकडा घालीत व त्यावर बेसबॉलपटूंची चित्रे छापीत. मुले ही कार्डे हौसेने जमवीत आणि मोठेपणी फेकून देत. जेफर्सन बर्डिक (१९००–१९६३) यांनी मात्र ती जपली.

सिरॅक्यूज शहरी विजेच्या सामानाच्या कारखान्यात ते सुटे भाग जोडीत. त्यांनी लग्न केले नाही. संधिवाताने बोटे आखडत चालली होती. बेसबॉलची त्यांना विशेष गोडी नव्हती. ओढ होती ती छापील कागदाची.

कोणते कार्ड कोणत्या संचातले, हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. बर्डिक यांनी प्रत्येक संचाला अक्षर व क्रमांक देऊन किमतींसह सूची छापली. तिच्यातील खुणा आजही चालतात. इतर कार्डे काही सेंटांना, तर होनस वॅग्नर या खेळाडूचे दुर्मिळ कार्ड पन्नास डॉलरला! २०२२ मध्ये त्याच कार्डाची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरना विकली गेली.

आज कोपरे धारदार व पाठ स्वच्छ असेल तरच उच्च किंमत येते. बर्डिक यांनी तर आपली तीन लाखांवर कार्डे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकली आणि स्वतःच ती वह्यांत चिकटवली. व्यापारी हळहळोत बापडे. ती विकायची नव्हतीच. वर्षानुवर्षे वाकड्या बोटांनी हे काम चालले. जानेवारी १९६३ मध्ये ते संपले. मार्चमध्ये बर्डिक निवर्तले.