एदुआर ल्युका
फ्रांस्वा एदुआर अनातोल ल्युका (४ एप्रिल, १८४२:आमियाँ, फ्रान्स - ३ ऑक्टोबर, १८९१:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच गणितज्ञ होते. १८७६ साली त्यांनी ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले.

जीवन
एकोल नॉर्माल सुपेरियर येथील शिक्षणानंतर ल्युका पॅरिस वेधशाळेत काम करू लागले. फ्रान्स-प्रशिया युद्धात (१८७०-७१) ते तोफखान्यात अधिकारी होते. पुढे त्यांनी माध्यमिक विद्यालयांत गणित शिकवले. एका मेजवानीत फुटलेल्या बशीचा तुकडा गालाला लागून झालेली जखम चिघळली व काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

कार्य
२च्या १२७व्या घातातून १ वजा केल्यास १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या मिळते. तिला एकेका मूळ संख्येने भागून पाहणे मानवी आवाक्याबाहेरचे होते. ल्युका यांनी फिबोनाची क्रमिकेतील पदांच्या विभाज्यतेवर आधारलेली कसोटी शोधली. तिच्यात भाजक शोधावे लागत नाहीत. त्याच वर्षी त्यांनी २च्या ६७व्या घाताहून १ने लहान असलेली संख्या मूळ नसल्याचे दाखवले; तिचे अवयव मात्र १९०३मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले.

१८८३ साली ल्युका यांनी हनोईचा मनोरा हे कोडे प्रसिद्ध केले. चकत्यांच्या संख्येइतका २चा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यास त्यातील किमान चाली मिळतात.

वारसा
ल्युका यांची ३९ अंकी संख्या १९५१पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. यंत्राविना, हाताने गणित करून सिद्ध झालेली ती आजही सर्वांत मोठी मूळ संख्या मानली जाते. डेरिक हेन्री लेमर यांनी १९३०मध्ये सुलभ केलेली त्यांची कसोटी ल्युका-लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते.