गच्चीवरचा सोलर आणि मलिक अंबरची नहर : उतार, हवा आणि गाळाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा दिवस घरातल्या प्रत्येकाला पाठ असतो. त्या दिवशी टाकी भरते, भांडी भरतात आणि गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. मग एखाद्या दुपारी काच फुटल्याचा आवाज येतो, नाहीतर गरम पाण्याच्या नळातून लालसर गाळ येऊ लागतो. पाणी उताराने आणायचे, त्यातली हवा बाहेर काढायची आणि गाळ वेळेवर उपसायचा, हे गणित या शहराने 400 वर्षांपूर्वी मांडले होते. ते मांडणाऱ्या मलिक अंबरची गोष्ट आणि तिचा आपल्या गच्चीशी असलेला संबंध समजून घेऊ.

गुलाम ते वजीर

मलिक अंबरचा जन्म सुमारे 1548 चा, आजच्या इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हात बदलत बदलत तो बगदादच्या एका व्यापाऱ्याकडे पोहोचला. तिथे त्याला शिक्षण मिळाले, नवा धर्म मिळाला आणि अंबर हे नावही मिळाले.

तिथून तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी वंशाचा आणि एकेकाळचा गुलाम. राज्यकारभार, हिशेब आणि फौजेची व्यवस्था अंबर त्याच्याच हाताखाली शिकला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून सुटला. काही काळ त्याने विजापूरकरांकडे चाकरी केली, मलिक हा किताब मिळवला आणि पुढे स्वतःची घोडेस्वारांची तुकडी घेऊन पुन्हा निजामशाहीत आला.

1600 साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असे दिल्लीला वाटले. अंबरने मात्र परांड्याला राजघराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्याची सूत्रे हाती घेतली. पुढची पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनेत स्वस्थता मिळाली नाही. जहांगीरने त्याचा इतका राग धरला की अंबरच्या मस्तकावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात तो अंबरच्या समोर कधीच आला नाही.

खडकाळ गावात राजधानी

1610 च्या सुमारास अंबरने दौलताबादच्या पायथ्यापासून जवळ, खाम नदीकाठच्या खडकी गावात शहर वसवले. गावाच्या नावातच अडचण होती. खाली काळा पाषाण, नदी पावसाळ्यापुरती आणि वस्ती मात्र राजधानीची. किल्ला जवळ होता, व्यापाराचा रस्ता जवळ होता, फक्त पाणी नव्हते.

यावर त्याने काढलेला मार्ग म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीखाली झिरपणारे पाणी गोळा करायचे आणि दगड-चुन्याच्या भूमिगत नळातून, फक्त उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणायचे. यात ना मोट, ना रहाट, ना बैल. पाणी जमिनीखाली असल्याने उन्हाने आटत नाही आणि शत्रूला सहज दिसत नाही.

नहरेची खरी हुशारी तिच्या उसाशांत आहे. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडे ठेवली होती. बंद नळातून पाणी वाहताना आत हवा अडकते आणि प्रवाह तुटतो. उसासा असला की हवा निघून जाते. त्याच तोंडातून माणूस खाली उतरायचा आणि साचलेला गाळ काढायचा. म्हणजे देखभालीची सोय बांधकामातच होती, नंतर सुचलेली नव्हती.

दोनदा जळालेले शहर

1616 मध्ये रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जाळले. त्याने ते पुन्हा उभे केले. 1621 मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्या मोहिमेत शहराची पुन्हा राख झाली. वरचे वाडे जळाले तरी शहर परत वसले.

1624 मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने तलावाचा बांध फोडला. शत्रूची छावणी आणि वाट चिखलात रुतली आणि संख्येने कमी असलेल्या निजामशाही फौजेने मैदान मारले. शहाजीराजे भोसले या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. पाणी कुठे धरायचे आणि कुठे सोडायचे, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

जमिनीची मोजणी, तिची प्रतवारी आणि त्यानुसार सारा, ही त्याची महसूल पद्धतही मराठी मुलखात दीर्घकाळ आठवणीत राहिली. 1626 मध्ये वयाच्या ऐंशीच्या आसपास त्याचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. त्यानंतर मुलगा फतेहखान याच्या नावाने खडकीचे फतेहनगर झाले, 1653 मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, नहर मात्र पुढची तीनशेहून अधिक वर्षे पाणी देत राहिली. ती थकली ती उसासे बुजले, वर बांधकामे झाली आणि गाळ काढणारे हात थांबले तेव्हा.

गच्चीवर तेच तीन नियम

घरचा सोलरही पंपाशिवाय चालतो. काचेच्या नळ्यांतले पाणी तापले की हलके होऊन वरच्या टाकीत चढते, गार पाणी खाली उतरते आणि हे चक्र ऊन असेपर्यंत सुरू राहते. टाकीवरची उभी उघडी नळी हा त्याचा उसासा. टाकीचा तळ आणि काचनळ्यांची खालची टोके ही गाळाची जागा. आपल्याकडे बोअर आणि टँकरचे पाणी जड असते. ते तापले की क्षार चुन्यासारखे चिकटतात, पाणी कमी तापते आणि नळाची धार बारीक होते.

म्हणून टाकी अधूनमधून रिकामी करून धुवावी लागते. पाणी जड असेल तर सहा महिन्यांतून एकदा, नाहीतर वर्षातून एकदा. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या आधी केलेले बरे.

रिकामी कशी कराल?

- वेळ पहाटेची निवडा. दुपारी टाकीतले पाणी सहज भाजेल इतके तापलेले असते. आदल्या संध्याकाळी गरम पाणी वापरून घ्या आणि नळ्यांवर जाड कापड किंवा ताडपत्री टाका.
- वीज बंद करा. टाकीत विजेची कॉइल असेल तर तिचा एमसीबी खाली पाडा. पाण्याबाहेर तापलेली कॉइल लगेच जळते.
- गार पाण्याचा कॉक बंद करा, मग बाथरूममधला गरम नळ उघडून पाणी किती गरम आहे ते अंदाजाने पाहा. थेट हात धरू नका.
- हवेची नळी मोकळी आहे का ते आधी तपासा. ती पक्ष्यांच्या काड्यांनी किंवा क्षारांनी बुजली असेल तर पाणी उतरताना आत पोकळी तयार होते आणि पत्र्याची टाकी आत दबू शकते.
- तळाच्या कॉकला पाइप लावून पाणी मोरीकडे किंवा बादल्यांत सोडा. गार झाल्यावर ते फरशी धुवायला वापरता येते. आधी गढूळ येईल. स्वच्छ येईपर्यंत थोडे पाणी सोडून पुन्हा काढा.
- काचनळ्या मात्र यात रिकाम्या होत नाहीत. त्यांचा तळ धुवायचा तर एकेक नळी काढावी लागते. ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. गच्चीच्या कडेला एकट्याने ओढाताण करू नका.
- एखाद्या नळीच्या टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडला असेल तर तिच्यातली निर्वात पोकळी गेली आहे. ती बदलावी लागेल.
- टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असेल तर तो झिजला आहे का ते याच वेळी पाहून घ्या. टाकीला गंजू न देण्यासाठी तो स्वतः झिजत असतो.

सगळ्यात महागडी चूक

पाणी नसलेल्या दिवसांत वरची गार पाण्याची टाकी कोरडी पडते आणि सोलरही रिकामा होतो. कोरड्या नळ्या उन्हात प्रचंड तापतात. भर दुपारी नळाला पाणी आले, मोटार लावली आणि गार पाणी त्यात शिरले की काच तडकते. म्हणून रिकामा सोलर भर उन्हात कधीही भरू नका. कॉक बंद ठेवा, नळ्या झाका आणि सूर्य उगवण्याआधी भरा. भरताना गरम नळ उघडा ठेवा. फसफस थांबून सलग धार आली की हवा निघाली असे समजा. कॉइल चालू करायची ती त्यानंतरच.

अंबरच्या काळी गाळ काढायला माणूस उसाशातून खाली उतरायचा. आपल्याला फक्त जिना चढून गच्चीवर जायचे आहे, तेही वर्षातून एक-दोनदा.