मदर अ‍ॅना डेंगेल : दार उघडेपर्यंत



दर वर्षी ११ फेब्रुवारीला आपण लूर्ड्स मातेचा सण साजरा करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हाच दिवस जागतिक रुग्ण दिन म्हणून ठरवून दिला. या तारखेला आणखी एक आठवण जोडलेली आहे. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून एक आज्ञापत्र निघाले आणि धर्मभगिनींना डॉक्टर होऊन वैद्यकी व बाळंतपणाची सेवा करायची मोकळीक मिळाली. आज एखाद्या मिशन हॉस्पिटलात गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली सिस्टर दिसली तर आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण ही साधी गोष्ट घडून यावी म्हणून एका स्त्रीला तरुणपणापासून चाळिशी ओलांडेपर्यंत वाट पाहावी लागली. त्या मदर अ‍ॅना डेंगेल.

अ‍ॅनाचा जन्म १६ मार्च १८९२ रोजी ऑस्ट्रियातील तिरोल या डोंगराळ मुलखात, स्टेग नावाच्या लहानशा गावी झाला. नऊ भावंडांत ती सर्वांत थोरली. आई तिच्या लहानपणीच वारली. आईविना वाढणे म्हणजे काय हे तिने स्वतः अनुभवले होते. पुढे आयुष्यभर तिने आई होणाऱ्या स्त्रियांचे प्राण वाचवण्यासाठी जी धडपड केली, तिचे एक मूळ इथे असावे असे आम्हांला वाटते. हॉल या गावी धर्मभगिनींच्या शाळेत तिचे शिक्षण झाले आणि नंतर ती फ्रान्समधील लिआँ शहरात जर्मन भाषा शिकवू लागली. मिशन कार्याची ओढ मनात होती, पण वाट सापडत नव्हती. अशा वेळी तिच्या कानावर डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन यांचे नाव आले.

या बाईंची हकिगत सांगितल्याशिवाय अ‍ॅनाची हकिगत पुरी होत नाही. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन १८३७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात एका प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट घराण्यात जन्मल्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. परंतु त्यांच्या गावच्या विद्यापीठाने स्त्रियांना वैद्यकीची पदवी द्यायचे नाकारले. १८६९ साली सात तरुणी तिथे दाखल झाल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८७३ साली निकाल त्यांच्या विरोधात लागला. मॅक्लॅरनबाईंनी मग घर सोडले, परकी भाषा जवळ केली आणि फ्रान्समधील मोंपेलिए विद्यापीठातून १८७८ साली डॉक्टरची पदवी मिळवली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. तिथे शिकत असताना त्या फ्रान्सिस्कन भगिनींच्या मठात राहिल्या. पुढे १८९८ साली त्या कॅथलिक झाल्या.

कॅथलिक झाल्यावर त्यांचे लक्ष हिंदुस्थानाकडे वळले. वायव्य भागात पडदा पाळला जाई. घरच्या बाईला परपुरुषाने पाहायचे नाही, मग तो डॉक्टर का असेना, असा रिवाज होता. त्यामुळे बाळंतपणात अडलेल्या स्त्रिया उपचाराविना मरत. तिथे स्त्री डॉक्टरच हव्या होत्या. मॅक्लॅरनबाईंनी रावळपिंडी येथे स्त्रिया व मुलांसाठी सेंट कॅथरीन हे छोटे रुग्णालय सुरू करवले आणि वयाच्या ७२ व्या वर्षी त्या स्वतः तिथवर गेल्या. मिशन प्रदेशात कायम राहून सेवा करायला धर्मभगिनींइतके योग्य कोणी नाही हे त्यांना उमगले. पण धर्मभगिनींना डॉक्टर व्हायला ख्रिस्तसभेचीच मनाई होती. ती उठावी म्हणून या वृद्ध बाई रोमला वारंवार विनंती करत राहिल्या. उत्तर नकाराचेच येत राहिले.

तिकडे अ‍ॅनाने त्यांना पत्र लिहिले. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर पाहिजेत, हे समजताच आपल्याला हेच करायचे आहे अशी तिची खात्री पटली होती. मॅक्लॅरनबाईंनी सल्ला दिला की हिंदुस्थानात ब्रिटिशांचे राज्य असल्यामुळे पदवी ब्रिटिश राज्यात मान्य असलेलीच हवी. तेव्हा आयर्लंडला जाऊन शिकावे. दोघींची भेट मात्र होऊ शकली नाही. १९१३ साली मॅक्लॅरनबाई देवाघरी गेल्या. जिच्या भरवशावर घर सोडायचे तीच गेली. अ‍ॅना तेव्हा २१ वर्षांची होती. कोणीही म्हटले असते की देवाची इच्छा नसावी, आता नाद सोड. तिने तो अर्थ घेतला नाही. ती आयर्लंडला निघाली.

कॉर्क शहरातील युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीला प्रवेश मिळवायचा तर आधी प्रवेश परीक्षा द्यायची होती आणि सगळे शिक्षण इंग्रजीत होते. तिची मातृभाषा जर्मन. ही अडचण पार पडते न पडते तोच ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होते आणि ब्रिटन व ऑस्ट्रिया एकमेकांविरुद्ध लढत होते. म्हणजे ज्या देशात ती शिकत होती त्या देशाच्या लेखी ती शत्रूच्या मुलखातली मुलगी ठरली. चार वर्षे युद्ध चालले. ती शिकत राहिली आणि १९१९ साली डॉक्टर झाली. हिंदुस्थानात जायची परवानगी तरीही लगेच मिळाली नाही. काही महिने तिने इंग्लंडमध्ये डॉक्टर म्हणून काम केले आणि १९२० साली ती रावळपिंडीला पोहोचली.

सेंट कॅथरीन रुग्णालयात परिचर्येसाठी फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संस्थेच्या भगिनी होत्या. डॉक्टर मात्र त्या एकट्याच. रुग्णांची रीघ संपत नसे आणि त्यांत मुसलमान स्त्रिया बहुसंख्य होत्या. सुमारे चार वर्षे डॉ. अ‍ॅना अशा राबल्या आणि शरीराने व मनाने थकून गेल्या. एक डॉक्टर कितीही झटली तरी पुरी पडणार नाही, हे त्यांना दिसून आले. पाहिजे होता तो आयुष्य वाहिलेल्या डॉक्टर भगिनींचा संघ. त्यांना स्वतःलाही धर्मभगिनी व्हायचे होते. पण तसे केले तर वैद्यकी सोडावी लागणार होती. देवाची सेवा आणि रुग्णांची सेवा यांतले एकच निवड, असा तो पेच होता.

ही मनाई आली कोठून, असे कोणी विचारील. तिला जुना इतिहास आहे. बाराव्या व तेराव्या शतकांतील लॅटरनच्या महासभांनी मठवासी आणि धर्मगुरू यांच्या वैद्यकीला आळा घातला होता. वैद्यकीच्या पैशासाठी उपासना मागे पडू नये, धर्मगुरूच्या हातून शस्त्रक्रियेत कोणाचा जीव जाऊ नये, हा हेतू होता. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातही रोमच्या खास परवानगीविना वैद्यकी करण्याची मनाई कायम राहिली आणि ती व्रतस्थांनाही लागू होती. बाळंतपणाची कामे तर व्रतस्थ भगिनींना शोभत नाहीत असेच मानले जाई. हेतू वाईट नव्हता. पण एका काळी उपयोगी पडलेले कुंपण दुसऱ्या काळी रुग्णाच्या वाटेत आडवे आले होते. ख्रिस्तसभा ही माता आहे. मातेलाही कधी कधी लेकरांनी काही गोष्टी धीराने, पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात.

डॉ. अ‍ॅना १९२४ साली युरोपात परतल्या. त्यांनी मौनसाधनेत बसून प्रार्थना केली, सल्ला घेतला आणि त्या अमेरिकेला गेल्या. तिथे होली क्रॉस संस्थेचे फादर मायकल मॅथिस यांचा त्यांना आधार मिळाला. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन शहरात चार जणींनी मेडिकल मिशन सिस्टर्स या संस्थेची सुरुवात केली. चौघींत दोघी डॉक्टर होत्या आणि दोघी नर्स. जाहीर व्रते घेता येत नव्हती, कारण मग मनाई लागू झाली असती. म्हणून त्यांनी साधा धार्मिक संघ म्हणून राहायचे मान्य केले. मनाने त्या पूर्ण समर्पित होत्या, पण कायद्याच्या दृष्टीने धर्मभगिनी नव्हत्या. हा कमीपणा त्यांनी अकरा वर्षे सोसला. त्यांनी कायदा मोडला नाही आणि ख्रिस्तसभेवर रुसून त्या बाहेरही पडल्या नाहीत. मिळालेल्या जागेत त्या काम करत राहिल्या. रावळपिंडीत होली फॅमिली हे मोठे रुग्णालय उभे राहिले. त्यांचे काम हेच त्यांचे निवेदन झाले.

अखेर पोप अकरावे पायस यांच्या कारकिर्दीत, लूर्ड्स मातेच्या सणाच्या दिवशी, ते आज्ञापत्र निघाले. अ‍ॅना तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या. मॅक्लॅरनबाईंना जाऊन २३ वर्षे होत आली होती. त्यानंतर संस्था अनेक देशांत पसरली. आपल्या देशात पाटण्याचे कुर्जी येथील होली फॅमिली, झारखंडमधील मांडर येथील रुग्णालय आणि १९५३ साली सुरू झालेले दिल्लीचे होली फॅमिली ही त्यांच्याच परिश्रमाची फळे. १७ एप्रिल १९८० रोजी रोममध्ये मदर अ‍ॅना यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, मार्कच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाला चौघे जण येशूकडे उचलून आणतात. गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, तेव्हा ते छपरावर चढतात, छप्पर उकलतात आणि त्याला खाली सोडतात. ते चौघे दारातून परत का फिरले नाहीत? फक्त येशूला पाहायला आले असते तर कदाचित उद्या येऊ म्हणाले असते. पण त्यांच्या हातांत एक आजारी माणूस होता. ज्याने दुसऱ्याचा भार उचललेला असतो त्याला बंद दारावरून सहज परत फिरता येत नाही. मदर अ‍ॅनांच्या चिकाटीचे मर्म आम्हांला इथे दिसते. रावळपिंडीची अडलेली बाळंतीण त्यांनी न पाहताच खांद्यावर घेतली होती. म्हणून गुरूचा मृत्यू, परकी भाषा, युद्ध आणि स्वतःच्या ख्रिस्तसभेचा कायदा यांपैकी एकही दार त्यांना शेवटचे वाटले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी चिकाटीला धैर्याच्या सद्गुणात जागा दिली आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन दुर्गुण दाखवले आहेत. एक म्हणजे जरा त्रास होताच माघार घेणारा नरमपणा. दुसरा म्हणजे हट्ट. हट्टी माणूसही मागे हटत नाही, पण त्याचे मूळ बहुधा मोठेपणाच्या हौसेत असते. चिकाटी आणि हट्ट बाहेरून सारखे दिसतात. फरक आतल्या हेतूचा असतो.

हा फरक आज आपल्या घराघरांत कामाचा आहे. बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की एखाद्या घरी पेढे वाटले जातात आणि शेजारच्या घरी दार लोटून घेतले जाते. काही मुले दुसऱ्यांदा बसतात, काही तिसऱ्यांदा. पुन्हा बसावे की दुसरी वाट धरावी, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर आमच्याजवळ नाही. पण आपण एक प्रश्न मुलांबरोबर बसून जरूर विचारावा. हे डॉक्टर होणे कोणासाठी? नावापुढे दोन अक्षरे यावीत म्हणून, नातेवाइकांत मान उंच व्हावी म्हणून, की कोणा रुग्णाचा भार मनाने उचललेला आहे म्हणून? उत्तर शेवटचे असेल तर एक वर्ष काय, दोन वर्षे गेली तरी ती वाया गेली असे मानू नये. आणि डॉक्टरकीचे दार खरोखरच उघडले नाही तरी रुग्ण तिथेच असतो. त्याच्यापर्यंत नर्स पोहोचते, लॅब टेक्निशियन पोहोचतो, फिजिओथेरपिस्ट पोहोचतो. मदर अ‍ॅनांच्या पहिल्या चौघींत दोघी नर्स होत्या, हे विसरू नये.

आईवडिलांना आमची विनंती आहे की निकालाच्या दिवशी मुलाला आधी जवळ घ्यावे, गुणांचे नंतर विचारावे. शेजाऱ्यांच्या मुलाशी तुलना करू नये. आणि ज्या घरी यंदा निराशा आली आहे त्या घरी आपण कोणीतरी जाऊन यावे. मार्कच्या शुभवर्तमानातला तो आजारी माणूस एकटा छपरावर चढला नव्हता. त्याला चौघे मिळाले होते. अ‍ॅनालाही मॅक्लॅरनबाई मिळाल्या होत्या. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक मुलाला असे कोणीतरी मिळावे, यासाठी या रविवारच्या मिस्सामध्ये आपण सर्व मिळून प्रार्थना करू या.