रंग चढला, पण टिकणार कसा?

शाळेतले पीटीचे पांढरे कॅनव्हास शूज पिवळट पडले की दोनच पर्याय उरतात. पांढरं पॉलिश चोपडत राहायचं, नाहीतर सरळ रंगवून टाकायचे. मी दुसरा निवडला. साकोलीच्या बाजारातून रंगाची पुडी आणली, नाड्या काढल्या, सोलच्या रबराला रंग लागू नये म्हणून व्हॅसलिन फासलं, गरम पाण्यात पुडी आणि मूठभर मीठ कालवलं आणि जुन्या टूथब्रशने तीन हात दिले. सकाळपर्यंत जांभळे शूज तयार. लगेच फोटो स्टेटसला! मग पहिला पाऊस आला. संध्याकाळी मोजे जांभळे, पायाची बोटं जांभळी आणि शूज मात्र धड जांभळे नाहीत, धड पांढरे नाहीत.

रंग जातोच कसा, हे चिडून शोधत बसले तेव्हा एक पोरगा भेटला. अठरा वर्षांचा, लंडनचा आणि याच जांभळ्या रंगाने, याच सुती कापडापायी जेरीस आलेला. नाव विल्यम हेन्री पर्किन. बीएस्सीवाल्यांना तो ‘पर्किन रिअ‍ॅक्शन’ म्हणून पाठ असेल. पण रिअ‍ॅक्शनमध्ये माणूस दिसत नाही.

पर्किनचा जन्म १२ मार्च १८३८ चा, पूर्व लंडनच्या शॅडवेल भागातला. वडील बांधकामाच्या धंद्यात. सात भावंडांत हा सगळ्यात धाकटा. पोराने आर्किटेक्ट व्हावं ही वडिलांची इच्छा. पण शाळेत थॉमस हॉल नावाचे मास्तर जेवणाच्या सुट्टीत रसायनशास्त्र शिकवायचे आणि हा डबा सोडून तिथे जाऊन बसायचा. वडिलांचं मन वळायला वेळ लागला, पण वळलं. पंधराव्या वर्षी पर्किन रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला. तिथले प्रमुख होते जर्मनीहून आलेले ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन, त्या काळातले मोठे रसायनशास्त्रज्ञ. थोड्याच दिवसांत हा त्यांचा साहाय्यकही झाला.

हॉफमन यांच्या डोक्यात क्विनीन होतं. मलेरियावरचं तेव्हाचं एकमेव भरवशाचं औषध, ते सिंकोना झाडाच्या सालीतून यायचं आणि साल महाग. हिंदुस्थानासारख्या तापाच्या मुलुखात राज्य करायचं तर इंग्रजांना क्विनीन ढिगाने हवं होतं. (आपल्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याला मलेरिया काय असतो हे वेगळं सांगायला नको.) डांबरातून निघणाऱ्या स्वस्त पदार्थांपासून ते बनवता आलं तर? १८५६ ची ईस्टरची सुट्टी लागली, सर जर्मनीला गेले आणि पर्किनने घरच्या वरच्या मजल्यावर थाटलेल्या छोट्या प्रयोगशाळेत हा उद्योग सुरू केला.

क्विनीन झालं नाही. पहिल्यांदा तांबूस-तपकिरी गाळ. मग त्याने अ‍ॅनिलिन घेऊन पाहिलं, तर काळाकुट्ट चिखल. कुणीही तो फेकला असता. हा अल्कोहोलने भांडं साफ करायला गेला आणि भांड्यात गर्द जांभळा रंग उतरला. गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात: योगायोग, टाळ्या, शोध. मला वाटतं, खरी गोष्ट इथून पुढे आहे. भांड्यात रंग दिसणं सोपं. माझ्याही बादलीत दिसला होता.

पर्किनने रेशमाचा तुकडा त्यात बुडवला. धुतला, उन्हात ठेवला, रंग हलला नाही. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावात पुलर नावाचे मोठे रंगारी होते, त्यांना नमुने पाठवले. उत्तर आलं ते अर्धं गोड होतं. रेशमावर रंग छान बसतो, माल फार महाग झाला नाही तर मागणी येईल, पण सुती कापडावर तो नीट बसत नाही. आणि बाजार तर सुती कापडाचा होता!

तरीही २६ ऑगस्ट १८५६ ला त्याने पेटंट मिळवलं आणि कॉलेज सोडायचं ठरवलं. हॉफमन नाराज झाले. इतका हुशार विद्यार्थी संशोधन सोडून धंद्यात जातोय, हे त्यांना पटणारं नव्हतं. विचार करा ना, आपल्यापैकी कुणी ऐन शिक्षणात घरी येऊन सांगितलं, मी रंगाचा कारखाना काढतो, तर? पर्किनच्या वडिलांनी आयुष्यभराची बहुतेक पुंजी त्यात घातली. ज्या पोराला आर्किटेक्ट करायचं होतं, त्याच्यासाठी. मोठा भाऊ थॉमसही सोबत आला. १८५७ मध्ये लंडनबाहेर ग्रीनफर्डला कालव्याकाठी कारखाना उभा राहायला लागला. तिघांपैकी एकालाही असा कारखाना चालवायचा अनुभव नव्हता. लागणारं अ‍ॅनिलिन बाजारात पुरेसं मिळत नव्हतं, म्हणून तेही बेन्झिनपासून स्वतःच बनवायचं आणि त्यासाठीची लोखंडी भांडीही स्वतःच आखायची.

सुताचा प्रश्न मात्र तसाच होता. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांपासून मिळणारे धागे, त्यातल्या प्रथिनांना हा रंग आपसूक चिकटतो. सूत म्हणजे सेल्युलोज, ते त्याला धरतच नाही. मध्ये दोघांना बांधून ठेवणारा कुणी तरी लागतो, त्याला रंगबंधक म्हणतात. पर्किन स्वतः रंगाऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन राबला. शेवटी उत्तर मिळालं टॅनिनमध्ये: कापड आधी टॅनिनच्या पाण्यात भिजवायचं, मग धातूच्या क्षाराने ते पक्कं करायचं आणि मग रंगात बुडवायचं.

इथे मी वाचता वाचता थांबले. टॅनिन म्हणजे आपला हिरडा की! भंडारा-गोंदियाच्या जंगलात गोळा होतो तोच. आपल्याकडचे रंगारी सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, मग तुरटीतून, मग रंगात. शेकडो वर्षांपासून. लंडनच्या पोराने घाम गाळून जे शोधलं ते इथल्या रंगाऱ्याच्या हंड्यात आधीपासून होतं. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही, एवढंच.

१८५८ च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात फिकट जांभळा पोशाख घालून आली आणि लंडनला या रंगाचं वेडच लागलं. तिथल्या एका विनोदी साप्ताहिकाने तर या फॅशनची गोवराच्या साथीशी तुलना करून खिल्ली उडवली. पर्किन विशीतच श्रीमंत झाला. पण फॅशन ती फॅशन. काही वर्षांत दुसरे रंग आले, जांभळा मागे पडला.

तो नव्या रंगांकडे वळला. मंजिष्ठाच्या मुळातला लाल रंग, अलिझरीन, कारखान्यात बनवायची पद्धत त्याने १८६९ मध्ये शोधली. पेटंटचा अर्ज केला तर कळलं, जर्मन शास्त्रज्ञांचा अर्ज एक दिवस आधी पोहोचला आहे. एक दिवस! तडजोड झाली, धंदा जोरात चालला. पण या लाल रंगाने फ्रान्सपासून हिंदुस्थानापर्यंत मंजिष्ठा आणि आल पिकवणाऱ्यांचं पोट मारलं, हेही त्याच्याच चरित्रात लिहायला हवं. पुढे जर्मनांनी कारखान्यात नीळ बनवली तेव्हा आपल्या नीळवाल्यांचं तेच झालं.

१८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पर्किनने कारखाना विकला आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. हॉफमन सरांना जे हवं होतं ते अठरा वर्षं उशिरा झालं. त्याच्या कारखान्यातून सुरू झालेलं कृत्रिम रंगांचं शास्त्र तोवर जगभर पोहोचलं होतं. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात कलाभवन सुरू झालं. त्यामागे होते सुरतचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. तिथे आपल्या पोरांना रंगाईचं रसायनशास्त्र शिकवलं जाऊ लागलं.

१९०६ मध्ये शोधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा पर्किनला ‘सर’ किताब मिळाला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तिथे पाहुणे जांभळे बो-टाय बांधून आले होते. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९०७ ला, तो गेला.

त्याची तिन्ही मुलं रसायनशास्त्रातच गेली. त्यातला आर्थर वळला तो नेमका बापाच्या उलट दिशेला, झाडापानांच्या रंगांकडे. १९०४ मध्ये त्याने आणि हमेल नावाच्या सहकाऱ्याने एका फुलातला रंग नेमका काय आहे ते शोधून प्रसिद्ध केलं. ते फूल पळसाचं. होळीच्या सुमारास साकोलीहून नागझिऱ्याकडे जाताना जे रान पेटल्यासारखं दिसतं ना, तेच.

शूजचं काय झालं? परवा पुन्हा बसले. हिरडा ठेचून रात्रभर भिजवला, ते पाणी गाळून कॅनव्हासला दोनदा लावलं, वाळवलं. मग किराणा दुकानातलं हिराकस पाण्यात विरघळवून वरून ब्रश फिरवला. बघता बघता पिवळट कापड राखाडी झालं आणि मग काळपट. जांभळे काही झाले नाहीत. पण काल भर पावसात बसस्टँडपर्यंत चालत गेले आणि मोजे पांढरेच राहिले.